वाचकांचे प्रश्न: गुरूचे चंद्र, वहीच्या एका पानात

गुरूच्या चार मोठ्या चंद्रांचं गणित या वेळी बऱ्याच पत्रांत आलं. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया तिथेच आहे.

प्रश्न (सेलू, जि. परभणी): जानेवारीत शेतावर हुरडा असतो तेव्हा शाळेची दुर्बीण सोबत नेतो. गुरूशेजारचे चार ठिपके सगळ्यांना दिसतात, पण कोणता कोण हे सांगता येत नाही. शेतात रेंज नसते, त्यामुळे अ‍ॅप चालत नाही. दुपारीच वहीत मांडून नेता येईल असं काही गणित आहे का?

उत्तर: आहे, आणि साइन-कोसाइनची बटणं असलेल्या साध्या कॅल्क्युलेटरवर ते अर्ध्या तासात होतं. ही संक्षिप्त रीत बेल्जियमचे खगोलगणिती जाँ मेस यांनी मांडलेली आहे. खालचे सगळे कोन अंशात आहेत.

आधी दिवस मोजायचे. १ जानेवारी २००० च्या दुपारी १२ पासून (जागतिक वेळ) किती दिवस झाले तो आकडा म्हणजे द. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा आणि ०.०००८ दिवस मिळवा. पृथ्वीचं फिरणं घड्याळासारखं एकसारखं नसल्यामुळे साठलेला सुमारे ६९ सेकंदांचा फरक त्या ०.०००८ मध्ये येतो. मग:

व = १७२.७४ + ०.००१११५८८ द
म = ३५७.५२९ + ०.९८५६००३ द
न = २०.०२० + ०.०८३०८५३ द + ०.३२९ साइन व
ज = ६६.११५ + ०.९०२५१७९ द − ०.३२९ साइन व
अ = १.९१५ साइन म + ०.०२० साइन २म
ब = ५.५५५ साइन न + ०.१६८ साइन २न
क = ज + अ − ब

म आणि न म्हणजे पृथ्वी आणि गुरू आपापल्या लंबवर्तुळावर कुठवर आलेत ते. अ आणि ब या त्यांच्या कमी-जास्त वेगाच्या दुरुस्त्या. क हा सूर्यापाशी पृथ्वी आणि गुरू यांच्यामध्ये होणारा कोन. आता अंतरं, खगोलीय एककात (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर):

प = १.०००१४ − ०.०१६७१ कोसाइन म − ०.०००१४ कोसाइन २म
ग = ५.२०८७२ − ०.२५२०८ कोसाइन न − ०.००६११ कोसाइन २न
ल = √(ग² + प² − २ × ग × प × कोसाइन क)
साइन फ = (प ÷ ल) × साइन क
त = द − ल ÷ १७३

ल म्हणजे आपल्यापासून गुरूचं अंतर. फ हा गुरूवरून दिसणारा सूर्य आणि पृथ्वी यांच्यातला कोन, जो जास्तीत जास्त ११-१२ अंशांपर्यंत जातो. प्रकाश दिवसाला सुमारे १७३ खगोलीय एकक जातो, म्हणून त ही तो प्रकाश गुरूपासून निघाला ती वेळ. चंद्रांचे कोन तिच्यावरून काढायचे:

आयो: उ१ = १६३.८०६९ + २०३.४०५८६४६ त + फ − ब
युरोपा: उ२ = ३५८.४१४० + १०१.२९१६३३५ त + फ − ब
गॅनिमीड: उ३ = ५.७१७६ + ५०.२३४५१८० त + फ − ब
कॅलिस्टो: उ४ = २२४.८०९२ + २१.४८७९८०० त + फ − ब

आणखी दोन कोन:

ट = ३३१.१८ + ५०.३१०४८२ त
ठ = ८७.४५ + २१.५६९२३१ त

आता दुरुस्त्या. उ१ मध्ये ०.४७३ साइन २(उ१ − उ२) मिळवा, उ२ मध्ये १.०६५ साइन २(उ२ − उ३), उ३ मध्ये ०.१६५ साइन ट, उ४ मध्ये ०.८४३ साइन ठ. कंसात दुरुस्तीआधीचेच उ घ्यायचे. एक दुरुस्त करून तोच पुढच्या ओळीत वापरला तर गणित बिघडतं. गुरूच्या त्रिज्येत मोजलेली अंतरं अशी:

र१ = ५.९०५७ − ०.०२४४ कोसाइन २(उ१ − उ२)
र२ = ९.३९६६ − ०.०८८२ कोसाइन २(उ२ − उ३)
र३ = १४.९८८३ − ०.०२१६ कोसाइन ट
र४ = २६.३६२७ − ०.१९३९ कोसाइन ठ

इथेही दुरुस्तीआधीचेच उ घ्यायचे. शेवटी दुरुस्त उ घेऊन प्रत्येकाचं आडवं अंतर = र × साइन उ. उत्तर धन आलं तर चंद्र गुरूच्या पश्चिमेला, ऋण आलं तर पूर्वेला. उ शून्याजवळ असेल तर चंद्र गुरूच्या पुढ्यात, १८० जवळ असेल तर पाठीमागे.

पडताळ्यासाठी १० जानेवारी २०२६, रात्री ८:३० घ्या. त्या दिवशी गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे आपल्याकडून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला. द = ९५०६.१२५८, ब = ५.५५६, क = ०.२५७, ल = ४.२३०६, फ = ०.०६. दुरुस्तीआधी चार उ येतात १९५.०७, २४१.४५, १७४.६४ आणि ६.२३. दुरुस्तीनंतर १९४.६०, २४२.२२, १७४.७३ आणि ५.४२. आडवी अंतरं: आयो −१.४९, युरोपा −८.३७, गॅनिमीड +१.३८, कॅलिस्टो +२.४९. म्हणजे पूर्वेला आयो जवळ आणि युरोपा लांब, तर पश्चिमेला गॅनिमीड जवळ आणि त्याच्या पुढे कॅलिस्टो. आयो नुकताच गुरूमागून बाहेर आला होता. गॅनिमीड पाठीमागे जायला निघाला होता आणि नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पश्चिम कडेला दिसेनासा होणार होता. तुमच्या वहीत हेच आकडे आले की गणित बरोबर बसलं.

हे आकडे लातूरला वेगळे, नांदेडला वेगळे असं नाही. औंढा असो की उदगीर, इतक्या अंतरावरून गुरू सगळ्यांना सारखाच दिसतो. फक्त वेळ भारतीय प्रमाणवेळेने धरा.

प्रश्न (उदगीर, पदवीचा विद्यार्थी): आयो १.७६९१ दिवसांत एक फेरी मारतो असं वाचलं. ३६० ला त्याने भागलं तर दिवसाला २०३.४९ अंश येतात. सूत्रात मात्र २०३.४०५८ आहे. छापण्यातली चूक आहे का?

उत्तर: चूक नाही. तुमचा १.७६९१ हा ताऱ्यांच्या संदर्भातला फेरीचा काळ आहे. सूत्रातला उ ताऱ्यांपासून नाही, गुरू-सूर्य रेषेपासून मोजला आहे, आणि फ मिळवून तो पृथ्वीकडे वळवला आहे. गुरू स्वतः दिवसाला ०.०८३१ अंश पुढे सरकतो, त्यामुळे त्या रेषेशी पुन्हा गाठ पडायला आयोला तेवढं जास्त जावं लागतं. २०३.४८९ − ०.०८३१ = २०३.४०६. त्यानुसार फेरीचा काळ १.७६९८६ दिवस, म्हणजे १ दिवस १८ तास २८.६ मिनिटं. आयोची ग्रहणं सरासरी याच अंतराने होतात, १.७६९१ ने नाही.

ट आणि ठ यांचे वेग मात्र ताऱ्यांच्या संदर्भातल्या वेगाशी जवळजवळ जुळतात, कारण ते कोन चंद्राच्या कक्षेतल्या गुरूजवळच्या बिंदूपासून मोजलेले आहेत आणि तो बिंदू फार हळू सरकतो. ०.१६५ आणि ०.८४३ हे अंश म्हणजे गॅनिमीड आणि कॅलिस्टोच्या कक्षेच्या लांबटपणाची साधी दुरुस्ती. आयो आणि युरोपाची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या कक्षांचा लांबटपणा मुख्यतः शेजाऱ्याच्या ओढीने टिकून राहतो, म्हणून त्यांच्या दुरुस्तीत स्वतःचा कोन येत नाही, शेजाऱ्याशी असलेला फरक येतो. या चार ओळींत मला सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट.

प्रश्न (अंबाजोगाई, शिक्षिका): संगणकावर एक्सेलमध्ये सगळं भरलं, पण आडवी अंतरं काही केल्या जुळत नाहीत. चूक कुठे शोधायची?

उत्तर: पहिला संशय रेडियनवर घ्या. एक्सेलचं साइन फल रेडियन मागतं, अंश देऊन चालत नाही. प्रत्येक कोन पाय भागिले १८० ने गुणा. फ काढताना उलट साइनचं उत्तरही रेडियनमध्ये येतं, ते अंशात आणायचं राहून जातं.

दुसरा संशय दिवसांवर. एक्सेल तारखेला आतून जो आकडा देतं, त्यातून ३६५२६.७२८४ वजा केले की भारतीय वेळेवरून थेट द मिळतो. साडेपाच तास आणि ते ६९ सेकंद त्यातच धरलेले आहेत. १० जानेवारी २०२६, रात्री ८:३० चा आतला आकडा ४६०३२.८५४२ आहे. वजाबाकी करा, ९५०६.१२५८ येतो.

तिसरा संशय टाइप केलेल्या आकड्यांवर, आणि त्याला फ्रेंच गणिती लाप्लासने शोधलेला एक नियम कामी येतो. दुरुस्तीआधीचे कोन घेऊन उ१ − ३ × उ२ + २ × उ३ काढा. उत्तर कायम १८० अंश यायला हवं, ३६० ची पूर्ण फेरी कमी-जास्त चालेल. वरच्या उदाहरणात १९५.०७ − ७२४.३५ + ३४९.२८ = −१८०.०० येतं. मूळ आकडेही तपासता येतात: १६३.८०६९ − ३ × ३५८.४१४० + २ × ५.७१७६ = −८९९.९९९९, आणि वेगांची बेरीज जवळजवळ शून्य. पहिल्या तीन चंद्रांच्या ओळींत एक आकडा जरी चुकला तरी इथे पकडला जातो. कॅलिस्टो या साखळीत नाही, त्याची ओळ डोळ्यांनीच तपासावी लागते.

एखादं पद गाळलं तर काय होतं हेही ठाऊक असू द्या, म्हणजे चुकीवरून कारण ओळखता येईल. ब विसरलात तर त्या रात्री कॅलिस्टो २.४९ ऐवजी ५.०१ वर दिसतो. प्रकाशाचा वेळ विसरलात तर आयो सुमारे ५ अंश पुढे जातो आणि गुरूसमोरून किंवा मागून जाताना सुमारे अर्ध्या त्रिज्येची चूक होते. गुरू लांब असताना ती ७ अंशांपर्यंत वाढते. आयोची ग्रहणं अशीच उशिरा होतात हे पाहून १६७६ मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमर यांनी प्रकाशाला वेग असतो हे दाखवून दिलं. फ विसरलात तर प्रतियुतीच्या आसपास काहीच बिघडत नाही, पण तीन महिन्यांनी कॅलिस्टो पाच त्रिज्यांनी चुकतो. जानेवारीत जुळलेलं पान एप्रिलमध्ये जुळेना झालं तर फ तपासा.

प्रश्न (कळंब, जि. धाराशिव): गणितात जो पूर्वेला, तो दुर्बिणीत पश्चिमेला दिसतो. दुर्बीण बिघडली का?

उत्तर: नाही. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण फिरलेलं दिसतं, डावं उजवीकडे आणि वरचं खाली. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला असेल तर फक्त आरशासारखी उलटापालट होते. हे पाठ करत बसू नका. दुर्बीण हलवू नका, मोटर असेल तर बंद करा. गुरू ज्या कडेने दृश्यातून बाहेर सरकेल ती पश्चिम. ही खूण कोणत्याही दुर्बिणीत चुकत नाही.

प्रश्न (नांदेड, अभियांत्रिकीचे विद्यार्थी): अर्डुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डावर चार एलईडी लावून गुरूच्या चंद्रांचं घड्याळ करतोय. आयो तासन्‌तास एकाच जागी थांबतो आणि मग एकदम उडी मारतो. असं का?

उत्तर: अर्डुइनो उनोवर ‘डबल’ म्हणून लिहिलेली संख्यासुद्धा चारच बाइटची असते. तिच्यात साधारण सात अंक मावतात. २४६१०५१.१२५ असा ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली सलग दिवसगणना) तिच्यात ठेवला की पायरी पडते पाव दिवसाची. सहा तास आकडा हलतच नाही आणि मग आयो एका झटक्यात ५१ अंश पुढे जातो. दिनांकाऐवजी द ठेवला तरी २०३.४ × ९५०६ म्हणजे एकोणीस लाखांवर अंश होतात आणि तिथे पायरी ०.१२५ अंशाची असते.

उपाय सोपा आहे. मोजणीचा आरंभ जवळ आणा. १ जानेवारी २०२६ च्या पहाटे ५:३० पासून दिवस मोजा आणि उ१ ते उ४ च्या सुरुवातीच्या आकड्यांच्या जागी ४७.६००१, ३५४.४११५, ५७.८१७८, १६५.४११३ घाला. वेग तेच राहतील. व, म, न, ज, ट, ठ यांचे आरंभीचे आकडेही द = ९४९६.५ घालून एकदा संगणकावर काढून घ्या. हजार दिवसांनंतरही पायरी ०.०१६ अंशाच्या आत राहते. पूर्ण दिवस आणि दिवसाचा अपूर्णांक वेगळे ठेवा, एकाच संख्येत मिसळू नका.

याहून आटोपशीर वाटही आहे, आणि घड्याळासाठी आम्ही तीच सुचवू. अवकाश संस्था ग्रह-उपग्रहांची स्थानं याच पद्धतीने साठवतात. काळाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात स्थान चेबिशेव्ह बहुपदीने, म्हणजे ठरलेल्या बहुपदींना सहगुणकांनी गुणून केलेल्या बेरजेने, लिहायचं. रात्रीचे बारा तास हा एक तुकडा धरा आणि वेळ −१ ते +१ अशी मोजा. आडव्या अंतरासाठी आयोला सहा सहगुणक लागतात, युरोपाला पाच, गॅनिमीडला चार, कॅलिस्टोला तीन. अठरा आकड्यांत अख्खी रात्र बसते आणि चूक गुरूच्या त्रिज्येच्या हजाराव्या भागाच्या आत राहते. सहगुणक घरच्या संगणकावर काढा, उनोला फक्त बेरीज-गुणाकार ठेवा. साइन-कोसाइनची गरजच राहत नाही.

तुकडा मात्र लांबवू नका. आयोची पूर्ण फेरी सहाच सहगुणकांत बसवायला गेलात तर चूक ०.१७ त्रिज्येपर्यंत जाते. तुकडा चौपटीहूनही कमी लांबला आणि चूक हजारपट वाढली. आणि बहुपदी तुकड्याबाहेर क्षणभरही वापरू नका, कडेपलीकडे ती भरकटत जाते.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली): गणिताप्रमाणे आयो गुरूच्या कडेपासून चांगला दूर असायला हवा, पण दिसत नाही. आकाश स्वच्छ असतं.

उत्तर: तो सावलीत असतो. गुरूची सावली सूर्याच्या उलट दिशेला पडते, आपल्या उलट दिशेला नाही. दुरुस्त उ मधून फ वजा करा. हा सूर्यावरून दिसणारा कोन. त्याचा साइन र ने गुणून उत्तर एकाच्या आत आलं आणि कोन १८० च्या आसपास असला, तर चंद्राला ग्रहण लागलेलं आहे. तोच कोन शून्याच्या आसपास असला, तर चंद्राची सावली गुरूवर पडलेली असते. चांगल्या दुर्बिणीत ती काळ्या टिंबासारखी दिसते.

प्रतियुतीनंतर फ धन असतो आणि सावली गुरूच्या पूर्वेला सरकते. फ ११ अंशांवर गेला की आयो सावलीतून बाहेर येतो तो कडेपासून सुमारे एक त्रिज्या अंतरावर, मोकळ्या आकाशात अचानक उजळून. उजळायला त्याला तीन-चार मिनिटं लागतात. ही वेळ वहीत नोंदवून गणिताशी ताडून पाहण्यासारखी आहे.

यासाठी उभं अंतरही लागतं, कारण कक्षा आपल्याकडे किंचित कललेल्या असतात. उभं अंतर = −र × कोसाइन उ × साइन कल, धन म्हणजे उत्तरेला. १० जानेवारी २०२६ ला कल १.३९ अंश होता, म्हणून कॅलिस्टो ०.६४ त्रिज्या दक्षिणेला आणि गॅनिमीड ०.३६ उत्तरेला. कल बारा वर्षांच्या फेरीत साधारण तीन अंशांपर्यंत दोन्ही बाजूंना जातो. तो दोन अंशांच्या पुढे गेला की कॅलिस्टो गुरूच्या वरून किंवा खालून निघून जातो, त्याला ग्रहणच लागत नाही. गुरू ध्रुवांकडे चपटा आहे. उभं अंतर १.०७ ने गुणा आणि गुरूला पूर्ण वर्तुळ समजा, म्हणजे कडेची वेळ नीट येते.

प्रश्न (जालना): शनीच्या टायटनसाठीही असंच पान करता येईल का?

उत्तर: टायटन त्याहून सोपा आहे. फेरी १५.९४५ दिवसांची, दिवसाला २२.५८ अंश, अंतर शनीच्या २०.३ त्रिज्या. शेजाऱ्यांची ओढ या अचूकतेसाठी सोडून द्या. लांबटपणाची दुरुस्ती मात्र हवी. ती ३.३ अंशांपर्यंत जाते, म्हणजे वेळेत साडेतीन तास. उभं अंतर इथे दुर्लक्षून चालत नाही, कारण शनीचा कल २७ अंशांपर्यंत पोचतो. मार्च २०२५ मध्ये कडी आडवी झाली होती, तेव्हा टायटनही जवळजवळ सरळ रेषेत ये-जा करत होता. कडी उघडत जातील तसा तो शनीभोवती लंबगोल मार्गाने फिरताना दिसेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): या पानावर भरवसा किती ठेवायचा? मोठे सिद्धांत आणखी काय देतात?

उत्तर: कोणता ठिपका कोण हे सांगायला पूर्ण भरवसा ठेवा. ग्रहणाची वेळ सांगायची असेल तर चंद्रागणिक फरक पडतो. आयो तासाला ८.५ अंश चालतो, म्हणून ०.२ अंशाची चूक दीड मिनिटाची ठरते. तीच चूक कॅलिस्टोच्या बाबतीत तेरा मिनिटांची होते, कारण तो तासाला ०.९ अंशच सरकतो. या पानात चंद्रांच्या कक्षांचे आपापले छोटे कल आणि परस्परांच्या ओढीची बरीच लहान पदं गाळलेली आहेत. खगोलशास्त्रज्ञ सॅम्पसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पदं हाताने मोजली, खगोलशास्त्रज्ञ लीस्के यांनी पुढे तो सिद्धांत संगणकावर नव्याने बांधला. त्यांच्या मालिकांत प्रत्येक चंद्रासाठी अशी अनेक पदं येतात आणि उत्तरं या पानापेक्षा कितीतरी बारीक निघतात. कॅलिस्टोच्या ग्रहणाला माणसं बोलावणार असाल तर पानावरच्या वेळेच्या आधी पाव तास दुर्बिणीला डोळा लावा.